पौषातला पूर

(शिरूर, १९७२. तालुक्याच्या जुन्या जेलच्या पायऱ्यांवर तिघं बसलेत: पस्तीस वर्षं इथं पहारा देऊन पेन्शनीत निघालेला शिपाई म्हाळूआप्पा, त्याची बायको सारजाबाई, आणि मांडीवर वही घेतलेले शाळेतले चांगदेव गुरुजी. दाराशेजारी नवी कोरी संगमरवरी फरशी बसवली आहे आणि आप्पाची तिच्याकडं पाठ आहे.)

म्हाळूआप्पा : न्हाई न्हाई, मला हिशोबानं समजावा. मी हितं किती वर्सं काढली? पस्तीस. तो किती हुता? सतरा दिस. आन् फरशीवर नाव कुनाचं?

चांगदेव : आप्पा, फरशी कमिटीनं बसवलीय. माझ्याकडं फक्त पुस्तिका दिलीय लिहायला, 'शिरूरच्या तुरुंगाचा इतिहास'. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून रविवारी इथं वाचनालय उघडतंय, त्या दिवशी ती वाटायची आहे.

म्हाळूआप्पा : आन् उघडायला कोन येनार? हौसराव! हितनं पळालेला कैदी! दौंडावरनं, मोटारीत बसून!

सारजाबाई : सकाळपासून हेच चाललंय बघा गुरुजी. हौसराव येनार म्हनल्यापासून ह्यांच्या पोटात दुखतंय.

म्हाळूआप्पा : माझ्या पोटात काय बी दुखत न्हाई.

सारजाबाई : मग ववा कशाला मागितला?

म्हाळूआप्पा : तू गप. गुरुजी, तुम्ही जेलचं इचारा. जेलचं म्हाईत असलेला मानूस गावात माझ्याबिगर एक न्हाई.

चांगदेव : तेच विचारायला बोलावलंय तुम्हाला. ही इमारत आधी जेल नव्हती म्हणतात.

म्हाळूआप्पा : न्हवतीच. हितं गोऱ्यांची छावनी हुती तवा पलटनीच्या घोड्यांचा दाना ठेवायची कोठी ही. म्हनून तर खिडक्या एवढ्या वर हैत. पलटन गेली, दाना गेला, मग गज बसवले आन् मानसं भरली. मी आलो तवा सुदिक उन्हाळ्यात भिंतीला हरबऱ्याचा वास मारायचा. लिहिलंत?

चांगदेव : लिहिलं.

म्हाळूआप्पा : आन् त्या लिंबाला दौंडाच्या रुळाचा तुकडा टांगला हुता. त्याच्यावर मी तास द्यायचो. माझ्या टोल्यावर गावची दुकानं उघडायची, कोर्ट बसायचं, पोरं शाळंत जायची. पस्तीस वर्सांत एक टोला कमी न्हाई का जास्ती न्हाई. हे फरशीवर हाय का कुठं?

सारजाबाई : टोल्याची फरशी कोन बसवतंय?

म्हाळूआप्पा : पळालेल्याची बसवत्यात, मग उभं ऱ्हायलेल्याची का न्हाई?

चांगदेव : आप्पा, त्या पळण्यापाशीच माझं घोडं अडलंय. हौसराव दर पंधरा ऑगस्टला भाषणात सांगतात की, घोडनदीला महापूर होता, त्यांनी बेड्यांसकट उडी मारली आणि पैलतीराला लागले. आमच्या शाळेतल्या पोरांना ते तोंडपाठ आहे. पण मी कचेरीतलं जुनं रजिस्टर काढलं. त्यात पळाल्याची तारीख आहे तेरा जानेवारी, त्रेचाळीस साल.

सारजाबाई : भोगीचा दिस.

चांगदेव : बरोबर. मग मला सांगा, पौषात घोडनदीला महापूर कुठून आला?

म्हाळूआप्पा : हा हा हा! सापडला! गुरुजी, तुमच्या तोंडात साखर पडो. पौषात? घोटाभर पानी असतंय! म्हशी बसल्या तर पाठ भिजत न्हाई! लिहा, लिहा, हे मोठ्या अक्षरात लिहा. बेड्यांसकट उडी म्हने! बेड्या हुत्याच कुठं? तारा तोडल्या म्हनून धरून आनलेला पोरगा तो, त्याला कशाच्या बेड्या?

चांगदेव : मग पळाला कसा?

म्हाळूआप्पा : आं?

चांगदेव : पूर नव्हता, उडी नव्हती. रजिस्टरात लिहिलंय, 'कैदी पाण्यास नेला असता पळाला. पहाऱ्यावरील शिपाई म्हाळू यांस सहा महिने सस्पेंड केले.' शिपाई तुम्ही होता.

म्हाळूआप्पा : हुतो की. जेलच्या आडाचं पानी मचूळ, म्हनून रोज दुपारी एका कैद्याला कावड देऊन नदीला न्यायचो. त्या दिशी दुसरा शिपाई भोगीच्या बाजाराला बंदोबस्तात. मी एकलाच. लागली डुलकी.

चांगदेव : उभ्या उभ्या? भर दुपारी?

म्हाळूआप्पा : पहाटपासून पहारा हुता. लागती मानसाला.

सारजाबाई : अवो, आता तरी खरं बोला. इंग्रज जाऊन पंचवीस वर्सं झाली. आता कोन सस्पेंड करतंय तुम्हाला?

म्हाळूआप्पा : तुला काय ठावं?

सारजाबाई : मला समदं ठावं हाय. गुरुजी, हे झोपले न्हवते. ह्यांनी सोडला त्याला.

चांगदेव : काय सांगता, मावशी!

सारजाबाई : माझ्या बापानं लग्नात घोंगडं दिलं हुतं. स्वता लोकर कातून, स्वता मागावर बसून. काळंभोर, आन् काठाला पांढऱ्या दोऱ्याची दुहेरी येल. तसली येल आमच्या बापाबिगर कोन घालत न्हवतं. भोगीच्या दिशी पहाटे हे ते पांघरून पहाऱ्यावर गेले आन् सांच्याला बिनघोंगड्याचे आले. इचारलं तर म्हंत्यात, धुताना नदीत वाहून गेलं! घोटाभर पान्यात! पौषातला पूर पयल्यांदा हौसरावानं न्हाई आनला गुरुजी, ह्यांनी आनला.

चांगदेव : आणि मग?

सारजाबाई : मग आठ दिसांनी आमचा म्हस्कूमामा मेंढरं घेऊन दौंडाकडनं आला. म्हनला, सारजे, तुझ्या बापाच्या हातचं घोंगडं मी ठेसनावर बघितलं, एका दाढीवाल्या पोराच्या अंगावर. मेंढक्याचं सोंग घेतलं हुतं, पन मेंढरू एक न्हवतं त्याच्याजवळ. मी मामाच्या पाया पडले. म्हनलं, मामा, हे तुमच्या पोटात ठेवा. त्यांनी मरेपत्तुर ठेवलं.

म्हाळूआप्पा : म्हस्कूला ठावं हुतं? आन् तुला बी? एकोनतीस वर्सं?

सारजाबाई : धनगराची लेक मी. घोंगडं ओळखायचं न्हाई व्हय?

चांगदेव : आप्पा! अहो, मग खरे स्वातंत्र्यसैनिक तुम्ही! अंगावर सरकारी वर्दी असताना कैदी सोडायचा, वर अंगावरचं पांघरूण द्यायचं, सहा महिने बिनपगारी घरी बसायचं, आणि कुणाला एक अक्षर बोलायचं नाही. हौसरावांनी तरी तुमचं नाव घ्यायला हवं होतं.

म्हाळूआप्पा : तो कशाला घेईल? माझं नाव घेतलं तर पूर आटतोय की त्याचा.

चांगदेव : मी घेतो. अगदी पहिल्या पानावर. आप्पा, तुम्हाला एक सांगतो. माझा आजाही याच कोठडीत दोन दिवस होता. तळेगावला वेठीला गेला नाही म्हणून पाटलानं बांधून पाठवला होता. रजिस्टरात त्याचं नावसुद्धा नाही, नुसतं 'इसम एक' असं लिहिलंय. तेव्हापासून मी ठरवलंय की आपण लिहायचं तर नावानिशी लिहायचं.

म्हाळूआप्पा : काय लिहिनार? वाचा बघू.

चांगदेव : 'या तुरुंगाच्या इतिहासातील खरे धैर्य गजांच्या आत नव्हे, बाहेर उभे होते. शिपाई म्हाळूआप्पा यांनी देशासाठी आपली भाकर पणाला लावून…'

म्हाळूआप्पा : परत वाचा.

चांगदेव : 'खरे धैर्य गजांच्या आत नव्हे, बाहेर उभे होते.'

म्हाळूआप्पा : आत नव्हे! हे झ्याक हाय. आन् हे त्याच्या नावाच्या आधी येनार का नंतर?

चांगदेव : आधी.

म्हाळूआप्पा : आन् रविवारी तो समोर बसलेला असतानी वाचून दाखवनार?

चांगदेव : माईकवरून.

म्हाळूआप्पा : मला खुर्ची?

चांगदेव : त्यांच्या शेजारी.

म्हाळूआप्पा : शेजारी नगं. मधली कुनाला हाय?

सारजाबाई : बघा, ववा लागू पडला. पन गुरुजी, माझं बी थोडं लिहा. हे घरी बसले तवा मी रस्त्याच्या कामावर गेले, खडी फोडाया. हाताला फोड यायचे. बाया इचारायच्या, शिपायाची बायकू आन् खडी? मी मान वर करून फोडायची. मनात म्हनायची, बायांनो, तुमचे मालक दारू पिऊन घरी बसले असतील, माझा मालक हौसरावासारखा मानूस वाचवून घरी बसलाय. ह्यांच्याशी कवा बोलले न्हाई, पन त्या दिसापासून ह्यांच्याकडं बघायची माझी नदरच बदलली. त्याच्या आधी खरं सांगते, शिपाई म्हंजी शिपाई वाटायचे, तास देनारे. हौसरावाला सोडलं आन् मानूस म्हनून दिसाया लागले.

चांगदेव : वा! हे मी असंच्या असं घेतो.

म्हाळूआप्पा : थांबा.

चांगदेव : काय झालं?

म्हाळूआप्पा : लेखनी खाली ठेवा. सारजे, म्हंजी तू माझ्याकडं बघत हुतीस ते बी त्याच्याचमुळं?

सारजाबाई : आता ह्यात काय वाईट बोलले मी?

म्हाळूआप्पा : हौसरावासारखा मानूस वाचवला म्हनून मी मानूस! एखादा चोरटा सोडला असता तर? मग मी शिपाईच? एकोनतीस वर्सं मला वाटतंय की घरात तरी मी हाय. आन् घरात बी त्यो हाय! मी आपला त्याचं घोंगडं धरून उभा!

सारजाबाई : अवो, लोकं बघत्यात रस्त्यानं.

म्हाळूआप्पा : बघू दे. गुरुजी, ते खोडा. देशासाठी म्हनून लिहिलंय ते खोडा आधी. मला देशाचं काय बी पडलं न्हवतं त्या दिशी. मी तिळापायी सोडला त्याला.

चांगदेव : कशापायी?

म्हाळूआप्पा : तिळापायी! कैद्यांचा शिधा आमच्या घरी यायचा, ही रांधायची आन् टोपली मी न्यायचो. भोगीच्या सकाळी टोपलीवरचं फडकं काढून बघितलं. चार भाकरी, दोन्ही अंगानं तीळ थापलेलं, वर लोन्याचा गोळा ह्यो एवढा. कैद्याला! आन् माझ्या फडक्यात बांधलेली भाकर कशी? कोरडी. एक तीळ न्हाई. औषधाला न्हाई. भोगीच्या दिशी!

सारजाबाई : तीळ संपलं हुतं!

म्हाळूआप्पा : त्याच्या चार भाकरीपत्तुर पुरलं, आन् माझ्यापाशी येऊनच संपलं? अगोदर कुनाची थापलीस? सतरा दिस बघत हुतो मी. आधी आमटीत लसूण वाढला. मग ठेचा जायाला लागला. मग तू स्वता टोपली घेऊन यायला लागलीस, येताना नवं लुगडं. तो गजातनं कायतरी बोलायचा आन् तू हसायचीस. मी लिंबाखाली उभा ऱ्हाऊन तास द्यायचो आन् मला ऐकू यायचं न्हाई काय बोलतोय ते. त्या दिशी नदीवर गेलो, तो कावड भरत हुता, आन् शीळ घालत हुता. माझ्या बायकोच्या हातची तिळाची भाकर खाऊन शीळ! गुरुजी, माझ्या खांद्याला बंदूक हुती. मला माझंच भ्या वाटलं. मी म्हनलं, ठेव ती कावड. हे घोंगडं घे, न्हावऱ्याच्या वाटेनं दौंड गाठ, गाडीत बस, आन् पुन्हा ह्या नदीचं पानी पिऊ नगंस.

चांगदेव : तो काय म्हणाला?

म्हाळूआप्पा : पाया पडला. त्याला वाटलं मी देशभक्त. मी म्हनलं, वाटू दे.

सारजाबाई : म्हंजी… मी सहा म्हयनं खडी फोडली ती तिळापायी? पोटात पोर घेऊन, उन्हात, फोड आलेल्या हातानं, मान वर करून! इंग्रजाशी भांडला माझा मालक म्हनून! आन् हे भांडत हुते भाकरीशी! अवो, शेजारनीकडनं वाटीभर तीळ आनलं असतं की मी! एक शब्द बोलायचा हुता!

म्हाळूआप्पा : काय बोलू? तीळ वाढ गं मला? मी काय पोर हाय?

सारजाबाई : तिळापायी नोकरी घालवनारा मोठा बाप्या!

म्हाळूआप्पा : तिळापायी न्हाई गं.

सारजाबाई : आत्ता तर म्हनालात.

म्हाळूआप्पा : तुझ्यापायी. तू जाशील असं वाटलं मला. त्याच्याबरोबर न्हाई, तसं न्हाई… घरातच ऱ्हाशील, पन जाशील. म्हनून त्याला घालवला.

चांगदेव : मी जरा आत जाऊन खिडक्या मोजून येतो.

सारजाबाई : बसा गुरुजी. एवढं ऐकलंत, आता कुठं पळता? तुम्ही बी पळालात तर पुन्हा ह्यांचीच नोकरी जायची.

म्हाळूआप्पा : हसू नगंस. एकच इचारतो, आन् खरं सांग. त्याला का तीळ लावलंस?

सारजाबाई : खरं सांगू? तिसऱ्या दिशी मी रिकामी टोपली न्यायला आले तवा तो म्हनाला, भाकर बरी झालीय.

म्हाळूआप्पा : आन्?

सारजाबाई : आन् काय? एवढंच.

म्हाळूआप्पा : एवढ्यावर चार भाकरी आन् लोनी?

सारजाबाई : लग्नाला चार वर्सं झाली हुती, तवर मला कुनी तसं म्हनलं न्हवतं. सासूनं न्हाई, सासऱ्यानं न्हाई. तुम्ही तर ताट सारायचा आन् उठायचा. मला ठावंच न्हवतं मला भाकर येती का न्हाई ते. त्यानं सांगितलं. मग वाटलं, चांगली करावी. नवं लुगडं नेसावं. व्हय, वाटलं मला. खोटं कशाला बोलू?

म्हाळूआप्पा : मला बी बरी लागायची.

सारजाबाई : मग बोलायचं हुतं.

म्हाळूआप्पा : बोलायचं काय त्यात? चार खायचो की एका बैठकीला. आवडल्याबिगर कोन चार खातंय?

सारजाबाई : मला वाटायचं, पहारा करून भूक लागती मानसाला.

म्हाळूआप्पा : निघताना त्यानं तुला निरोप दिला हुता.

सारजाबाई : कुनी?

म्हाळूआप्पा : त्यानंच. नदीवरनं निघताना. म्हनला, वैनींना एवढं सांगा. मी सांगितला न्हाई.

सारजाबाई : काय सांगा म्हनला?

म्हाळूआप्पा : न्हाई सांगनार.

सारजाबाई : आता? साठीला आलात की!

म्हाळूआप्पा : शंभरी झाली तरी न्हाई. आन् रविवारी येईल तवा त्यालाच इचार. तुझ्या मनात तेच असंल.

सारजाबाई : न्हाई इचारत. ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. एवढी वर्सं संभाळलाय, आता मी घेऊन काय करू?

चांगदेव : मावशी, आप्पा, मला प्रेसला उद्या सकाळी कागद द्यायचेत. मी काय लिहू ते सांगा. पूर खोटा आहे हे मला कळलंय, तो मी लिहिणार नाही. आप्पांचं म्हणाल तर, मनात काहीही असो, हातानं तर त्यांनीच सोडलं. इतिहासाला हात पुरतो. मी लिहू शकतो.

म्हाळूआप्पा : नगं.

चांगदेव : अहो, माईकवरून वाचायचं ठरलं होतं. मधली खुर्ची!

म्हाळूआप्पा : देशासाठी म्हनून लिहिलं तर त्याच्या गोष्टीतला गडी म्हनून मी कायमचा उभा ऱ्हानार, हातात घोंगडं घेऊन. आन् खरं लिहिलं तर शाळेतली पोरं मला तीळ दाखवून पळतील. दोन्ही नगं. टोल्याचं लिहा. हरबऱ्याच्या वासाचं लिहा.

चांगदेव : आणि तेरा जानेवारी? ती कोरी ठेवू? मावशी, तुम्ही तरी सांगा.

सारजाबाई : कोरी कशाला? लिहा. मी सांगते तसं लिहा.

चांगदेव : हं, सांगा.

सारजाबाई : भोगीचा दिस हुता. नदीला घोटाभर पानी हुतं. दुपारच्याला एक कैदी गेला.

चांगदेव : 'गेला' की 'पळाला'?

सारजाबाई : गेला. पहाऱ्यावरच्या शिपायानं त्याला जा म्हनून सांगितलं, म्हनून गेला. का सांगितलं ते त्या शिपायाच्या घरातलं हाय, ते लिहायचं न्हाई.

चांगदेव : बरं. आणि कैद्याचं नाव? ते तर घालावं लागेल, मावशी. मी नावानिशीच लिहितो.

सारजाबाई : तुम्ही घाला की, फरशीवर हाय ते. मला इचाराल तर… किती वर्सं झाली त्याला. मला न्हाई बाई आठवत.